वसंतात ताडोबातील कुरणांची निगा कशी राखतात?

बागेतील हिरवळ पिवळी पडली की आपण पाणी घालतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील कुरणे फाल्गुनात पूर्ण वाळतात, पण त्यांना कोणी पाणी घालत नाही. त्या दिवसांत त्यांना खरा धोका असतो तो आगीचा.

ही कुरणे आली कुठून?

यांतील बरीच कुरणे म्हणजे जुनी गावे आणि शेते. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गाभा क्षेत्राबाहेर वसवल्यानंतर मागे मोकळी जमीन राहिली. मात्र वर्षानुवर्षे नांगरलेल्या जमिनीत चांगल्या गवताचे बी फारसे उरलेले नसते. तिथे आधी तरोटा आणि रानतुळस माजते. कोवळ्या तरोट्याची भाजी विदर्भात आवडीने खातात, पण वाढलेल्या तरोट्याला चितळ सहसा तोंड लावत नाही.

वाळलेले गवत मेलेले असते का?

नाही. मारवेलसारख्या बहुवर्षायू गवताचा जीव जमिनीलगतच्या बुंध्यात आणि मुळांत असतो. म्हणूनच ते चरले तरी पुन्हा फुटते. कुसळीचे बी आपल्या पीळदार कुसळाने मातीत शिरून पावसाची वाट पाहते.

मग आगीने काय बिघडते?

एखादी झरझर पुढे सरकणारी आग बुंधा सोसतो. पण दरवर्षी भर उन्हाळ्यात वणवा लागला, तर वर पडलेले बी जळते आणि उघडी माती पहिल्याच पावसात वाहून जाते. तरोट्याच्या कठीण कवचाच्या बिया मात्र मातीत टिकून राहतात आणि मोकळी जागा पटकावतात. म्हणून वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतो आणि त्याआधीच गवत काढून जाळरेषा तयार करतो.

आग लागते कशी?

बहुतेकदा माणसांमुळे. मोहफुले पहाटे गळतात. ती चटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात. यामागे चंद्रपूर-गडचिरोलीतील हजारो कुटुंबांची वर्षाची कमाई असते, त्यामुळे नुसत्या बंदीने प्रश्न सुटत नाही. पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी, कापड अंथरणे हे सोपे पर्याय आहेत. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर फांद्यांची तोड आणि आगी टाळण्यासाठी तेंदूपाने तोडणेच थांबवले आणि बांबूच्या उत्पन्नावर भर दिला.

तण वसंतातच का काढत नाहीत?

कारण तोवर उशीर झालेला असतो. वाळलेली रानतुळस उपटताना हलली की तिचे बी सांडते. ती फुलावर असताना, बी धरण्याआधी, मुळासकट उपटावी लागते. वसंतात उभी वाळलेली खोडे पाहून पुढच्या पावसाळ्यात कुठे काम करायचे, ते ठरवता येते.

आपला संबंध काय?

कुरणात चारा असला की चितळ आणि गवे जंगलात टिकतात, आणि वाघालाही तिथेच शिकार मिळते. चारा संपला की चितळ शेतात उतरतात, त्यांच्यामागे वाघही गावाजवळ येतो. पहाटे मोह वेचायला वाकलेल्या बाईसाठी हा जिवाचा प्रश्न आहे.