एका धाकट्या अल्बमची कैफियत

घरांतील थोरला मुलगा परीक्षेंत पहिला आला, म्हणजे धाकट्याच्या वांट्यास जन्मभराची एक मोजपट्टी येते. तो स्वतः कसा आहे, हें कोणी पाहत नाहीं. थोरल्याहून किती कमी, एवढेंच मोजलें जातें. कलेच्या संसारांतहि हा अन्याय घडतो. ‘फ्लीटवुड मॅक’ या रॉक वाद्यवृंदाचा १९७९ सालचा ‘टस्क’ हा अल्बम असाच एक धाकटा मुलगा आहे. त्याचा एक जुना चाहता या नात्यानें त्याची बाजू येथें मांडावयाची आहे.

१९६७ सालीं लंडनमध्यें निघालेल्या या वाद्यवृंदाची कीर्ति खरी वाढली ती १९७५ पासून. मिक फ्लीटवुड, जॉन मॅक्वी व क्रिस्टीन मॅक्वी या इंग्रज मंडळींस लिंडसी बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स हे अमेरिकन कलावंत येऊन मिळाले, आणि या पांचांनीं १९७७ सालीं ‘रूमर्स’ प्रसिद्ध केला. त्या सुमारास मॅक्वी दांपत्य विभक्त झालें होतें. बकिंगहॅम व निक्स यांचेंहि प्रेम तुटलें होतें. तें दुःख त्यांनीं अशा गोड चालींत बांधलें कीं, तो अल्बम अमेरिकेंत ३१ आठवडे विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं राहिला, व सर्वोत्कृष्ट अल्बमचें ग्रॅमी पारितोषिकहि त्यास मिळालें.

आतां त्याच सांच्यांतून दुसरी मूर्ति काढावी, हा सरळ व्यवहार होता. बकिंगहॅमनें तो नाकारला. त्या काळीं पंक नांवाचें खडबडीत, निरलंकार संगीत पुढें येत होतें. त्याचा त्याच्या मनावर परिणाम झाला. कांहीं गाणीं त्यानें घरींच, बहुतेक एकट्यानें मुद्रित केलीं. ध्वनिग्राहक जमिनीवर ठेवून, त्यावर ओणवें होऊनहि तो गाइला. ‘टस्क’ या गाण्यासाठीं तर एका विद्यापीठाचा शंभरांवर वादकांचा विद्यार्थी-बँड लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्यें वाजविण्यांत आला. दोन तबकड्या, वीस गाणीं आणि दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च, असा हा सारा प्रपंच झाला.

फळ काय? इंग्लंडमध्यें पहिला, अमेरिकेंत चौथा क्रमांक, आणि लक्षावधि प्रतींची विक्री. दुसऱ्या कोणास हें भाग्यच वाटलें असतें. परंतु ‘रूमर्स’च्या शेजारीं ठेवून त्यास ‘अपयश’ हें नांव पडलें.

यांतील गाणीं एकमेकांशीं जुळत नाहींत, असा मुख्य आक्षेप आहे, आणि तो खोटा नाहीं. क्रिस्टीनचें संथ, मायाळू गाणें संपतें न संपतें तोंच बकिंगहॅमचें धसमुसळें गाणें अंगावर येतें. मग निक्सचें ‘सारा’ धुक्यासारखें पसरत जातें. परंतु हा एका वाड्यांतील तीन चुलींचा संसार आहे. मनें दुरावलीं, तरी वाडा कोणी सोडला नाहीं. ‘रूमर्स’मध्यें भांडण शब्दांत होतें व सूर एक होता; येथें सूरच वेगळे झाले आहेत. हा विसंवाद कानांस खटकतो, पण तो खरा आहे. वीसपैकीं दोन-चार गाणीं वगळलीं असतीं तरी चाललें असतें, हें मात्र चाहत्यासहि मान्य करावें लागेल.

पुढें १९८२ सालीं ‘मिराज’ या अल्बमांत मंडळी जुन्या वाटेवर परतलीं, आणि अमेरिकेंत पुन्हां पहिला क्रमांक मिळाला. तरी मागें वळून पाहतां, अधिक धाडस कोठें होतें याविषयीं शंका उरत नाहीं. हातीं आलेलें यश पुन्हां मोजून घेण्यापेक्षां तें पणास लावणें कठीण असतें. २०२२ सालीं क्रिस्टीन मॅक्वी निवर्तल्या. आतां ते पांच आवाज पुन्हां एकत्र येणें नाहीं.

ज्यांस ‘टस्क’ ऐकावयाचा असेल, त्यांस एकच विनंति: ‘रूमर्स’ संपल्यावर लगेच तो लावूं नये. मध्यें चार दिवस जाऊं द्यावेत, आणि मग, धाकट्यास जवळ बोलावून त्याचेंच म्हणणें ऐकावें तसा, तो ऐकावा.