'घसरणे' : अर्थ आणि प्रयोग

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदलेले 'घसरणे' हे क्रियापद आजही नित्य वापरात आहे. 'सरकणे', 'निसटणे', 'घरंगळणे' ही त्याची निकटची क्रियापदे होत. तथापि ती परस्परांचे पर्याय नव्हेत. 'निसटणे' मध्ये पकड सुटते, 'घरंगळणे' मध्ये वस्तू गडगडत जाते, तर 'घसरणे' मध्ये पृष्ठभागाशी संपर्क राहूनही आधार सुटतो आणि गतीवर ताबा उरत नाही.

ताब्याचा हा अभाव आज्ञार्थात स्पष्ट दिसतो. 'जरा सरका' असे सहज म्हणता येते. 'जरा घसरा' असे कोणी म्हणत नाही. 'घसरू नका' हे मात्र चालते, कारण ती आज्ञा नसून सावधगिरीची सूचना असते. घसरगुंडीवरील मूल स्वेच्छेने बसते हे खरे. परंतु पुढील गती उताराच्या स्वाधीन असते.

लाक्षणिक प्रयोगांतही हा मूलार्थ टिकून राहतो. मात्र त्यात अनिष्टतेची छटा मिसळते. भाव 'उतरतात' आणि 'घसरतात'ही. पण घसरण ही विक्रेत्याच्या दृष्टीने हानी होय. उलटपक्षी, ताप उतरतो, सूज उतरते, पूर ओसरतो. यांपैकी काहीही 'घसरत' नाही. जी पातळी टिकावी असे वाटते, तीच घसरते. यास्तव एखाद्या बातमीत 'उतरले' ऐवजी 'घसरले' लिहिणे म्हणजे नकळत एक बाजू घेणेच होय.

कर्त्याची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. 'त्याचा पाय घसरला', 'त्याची जीभ घसरली' या वाक्यांत कर्ता अवयव असून व्यक्ती केवळ षष्ठीने सूचित होते. नैतिक स्खलनाविषयीही 'पाय घसरला' असेच म्हटले जाते. दोष अवयवाकडे जातो आणि व्यक्ती अंशतः सुटते. याउलट 'तो शिवीगाळीवर घसरला' या वाक्यात व्यक्तीच कर्तृस्थानी येते. येथे '-वर' हा आधार दाखवीत नाही. तो गतीचा शेवट, म्हणजे खालची पातळी, दाखवितो. उच्चारलेले शब्द दोन्ही प्रसंगी तेच असू शकतील. पण पहिली रचना क्षमेची वाट मोकळी ठेवते, दुसरी ठपका ठेवते.

सारांश, घसरणारा स्वतःवर ताबा ठेवू शकत नाही, एवढे हे क्रियापद सांगते. त्याला जबाबदार धरावयाचे की नाही, हे मात्र वाक्यरचना ठरविते.