प्रोफेसर उत्तर देत नाहीत आणि फंडिंगची तारीख जवळ येतेय

आजचा भाग एका प्रश्नावर आहे, जो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. "प्रोफेसर कॉलवर म्हणाले होते फंडिंग देतो, आता मेलला उत्तरच नाही. परत मेल केला तर चिडतील का?" मी स्वतः यातून गेलोय, म्हणून माझंच उदाहरण घेऊन सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बीटेक झालं होतं, पुण्यात नोकरी चालू होती, आणि अमेरिकेत एमएससाठी दोन विद्यापीठांत ॲडमिशन मिळाली होती. पहिल्या ठिकाणच्या प्रोफेसरांचं काम मला मनापासून आवडायचं. फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "फंडिंगचा प्रश्न येणार नाही, माझ्या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून ये." मी त्याच संध्याकाळी घरी पेढे आणले. दुसऱ्या विद्यापीठाने मात्र टीचिंग असिस्टंटशिपचं रीतसर पत्र पाठवलं होतं. फी माफ, दर महिन्याला स्टायपेंड, उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्या.

मार्च उजाडला आणि सर एकदम गप्प. मी तीन मेल टाकले. एकालाही उत्तर नाही. इकडे बाबा घराचे कागद घेऊन बँकेत जायला तयार. "सर शब्द देतायत ना, मग तोवर कर्ज काढू," असं त्यांचं म्हणणं. आणि आई म्हणते, "सारखं सारखं विचारू नकोस रे, त्यांना राग येईल." आपल्याकडे सरांना पैशाचं कसं विचारायचं, हा संकोच असतोच.

शेवटी माझ्या मावसबहिणीला फोन केला. ती तेव्हा तिकडे पीएचडी करत होती. तिने तिन्ही मेल वाचले आणि म्हणाली, "अरे, तू यात काही विचारलंच नाहीयेस!" खरंच होतं. तिन्ही मेलमध्ये त्यांच्या पेपरचं कौतुक होतं, आणि शेवटी "आपल्याला सवड मिळेल तेव्हा कळवावं" अशी ओळ. असा मेल कुणीही "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवतो आणि विसरतो.

मग ताईने पैसे कुठून येतात ते समजावलं. टीचिंग असिस्टंटचे पैसे साधारणपणे डिपार्टमेंटच्या बजेटमधून येतात. रिसर्च असिस्टंटचे पैसे बहुतेक वेळा प्रोफेसरांच्या ग्रँटमधून, म्हणजे एनएसएफ किंवा एनआयएचसारख्या संस्थेने मंजूर केलेल्या निधीतून. ग्रँटचा निकाल लागायचा असेल तर प्रोफेसर हो म्हणू शकत नाहीत, आणि नाही म्हणायची त्यांची इच्छा नसते. मग ते गप्प बसतात. यात तुमचा अपमान वगैरे काही नसतो. बऱ्याचदा त्यांच्याकडेच उत्तर नसतं.

पण आपल्याकडे तारीख असते ना! अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे. ज्या विद्यापीठांनी तो मान्य केलाय, ती फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. म्हणजे तोपर्यंत हातातली ऑफर धरून ठेवून दुसरीकडे चौकशी करणं अगदी रीतसर आहे. त्यात लबाडी काही नाही. दुसरी गोष्ट आय-२० फॉर्मची. तो निघण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय कागदावर दाखवावी लागते. कॉलवरचा शब्द तिथे चालत नाही. पत्र नसेल, तर ती रक्कम तुम्हालाच दाखवावी लागते. माझ्या बाबतीत ती बाबांच्या घरावर निघाली असती.

मग चौथा मेल आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मेल अर्थातच इंग्रजीत होता, मराठीत मजकूर असा:

"सर, फेब्रुवारीच्या कॉलमध्ये आपण रिसर्च असिस्टंटशिपबद्दल बोलला होतात. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही जागा येत्या सेमिस्टरसाठी नक्की आहे का? त्यात फी माफ होते की फक्त स्टायपेंड मिळतो? आणि पत्र कोण देणार, साधारण कधी? मला दुसऱ्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचंय. अजून नक्की नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल. ८ एप्रिलपर्यंत आपण कामात असाल, तर मी ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना विचारेन."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. "नक्की नाही" म्हणायला त्यांना वाट मोकळी करून दिली. आणि पुढे कुणाला विचारणार ते आधीच सांगितलं, म्हणजे पाठीमागे तक्रार केली असं होत नाही.

वेळही बघा. मी आधीचे मेल ऑफिसला निघताना टाकायचो, तेव्हा तिकडे रात्र. एप्रिलमध्ये अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेनऊ तास मागे असतो. आपल्याकडे संध्याकाळी सातला पाठवलं की तिथे सकाळचे साडेनऊ. आणि मार्चमध्ये एक आठवडा बहुतेक ठिकाणी स्प्रिंग ब्रेक असतो, तो वेबसाइटवर बघून घ्या.

८ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही. ९ तारखेला कोऑर्डिनेटरना मेल केला, सरांना सीसीमध्ये ठेवून. दुसऱ्याच दिवशी उत्तर: तुमच्या नावाने सध्या कुठलीही असिस्टंटशिप नोंदवलेली नाही. दोन ओळींचा मेल होता. पोटात गोळा आला. पण निदान कळलं तरी. मी १३ तारखेला दुसऱ्या विद्यापीठाला होकार कळवला. घराचे कागद कपाटातच राहिले.

सरांचा मेल २२ एप्रिलला आला. ग्रँट मंजूर झाली नव्हती, आणि चांगली बातमी येईल या आशेवर ते थांबले होते. त्यांनी माफी मागितली. खोटं कशाला बोलू, राग आला होता. ज्या लॅबसाठी सगळा अट्टहास केला, ती हुकली ती हुकलीच. पण मी त्यांच्या उत्तराची वाट बघत १५ तारीख घालवली असती, तर दोन्ही गेलं असतं.

तर तुमचा ड्राफ्ट तयार असेल, तर पाठवण्याआधी एकदा वाचा. त्यात प्रश्न आहे का? तारीख आहे का? "नाही" म्हणायला जागा आहे का? असेल, तर बिनधास्त पाठवा. तुम्ही उपकार मागत नाही आहात, माहिती मागताय.

पुढच्या भागात व्हिसा मुलाखतीबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि मेल संध्याकाळी सातला पाठवा!