पत्त्यांची वही घरच्या घरी

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आता चांगलीच रुजली आहेत. त्यांतील ज्यांनी छोटे कारखाने काढले, त्यांच्याकडे दोन-चार संगणक असतातच. वीज जाऊन आली की पुष्कळ साधे राउटर वाटलेले पत्ते विसरतात. प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि ऐन घाईत बिले अडतात.

यावर सायमन केली यांची ‘डीएनएसमास्क’ ही मोफत आज्ञावली आम्हांस सोयीची वाटते. जुन्या लिनक्स संगणकावरही ती चालते, यंत्रांना पत्ते देते, नावावरून पत्ता सांगते आणि दिलेल्या पत्त्यांची नोंद डिस्कवर ठेवते. (गंमत अशी, की कित्येक राउटरांच्या पोटातही हीच असते!) तिच्या फाईलमध्ये पत्त्यांची मर्यादा लिहावी, समजा, १९२.१६८.१.५० ते १९२.१६८.१.१५०, मुदत १२ तास. प्रिंटरला नाव व कायमचा पत्ता नेमून द्यावा. ज्या संगणकावर ती बसवायची, त्याचा पत्ता आधी स्थिर करावा.

मात्र राउटरकडील पत्तेवाटप बंद करण्यास विसरू नये. दोन कारभारी झाले, की एकच पत्ता दोन यंत्रांना जाऊन दोन्ही अडून बसतात. आवृत्तीही २.८३ पेक्षा जुनी नसावी. आधीच्या आवृत्त्यांतील गंभीर उणिवा जानेवारी २०२१ मध्ये उघड झाल्या आहेत.