कादंबरीतला आजार आणि दवाखान्यातली मुलगी

गेल्या महिन्यात एक शिक्षक आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात वाचनालयाचा शिक्का असलेले जाडजूड पुस्तक. "डॉक्टर, हिचं अगदी या पुस्तकातल्यासारखं आहे. हिच्यात दुसरी कोणीतरी राहते." मुलगी कधीकधी संध्याकाळी लहान मुलीच्या आवाजात बोलते आणि नंतर तिला काहीच आठवत नाही. आजीच्या मते हे अंगात येणे. घरात लग्नाची बोलणी चालू, त्यामुळे सगळेच घाबरलेले.

पुस्तक होते सिडने शेल्डन यांचे 'टेल मी युवर ड्रीम्स'. १९९८ सालची ही कादंबरी मीही पूर्वी एका रात्रीत संपवली होती. ज्यांना ती वाचायची असेल त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण रहस्य फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅलिफोर्नियातील एका संगणक कंपनीत ॲशली, टोनी आणि ॲलेट या तीन तरुणी काम करतात. एकामागून एक खून होतात आणि शेवटी कळते की तिघी म्हणजे एकच बाई. खटल्यात मानसोपचारतज्ज्ञ साक्षीला येतात. काही म्हणतात असा आजार आहे, काही म्हणतात असे काही नसतेच.

वाचकहो, खून काल्पनिक असले तरी हा वाद खरा आहे. ओळखीच्या रस्त्याने घरी येताना मधला रस्ता कसा गेला हे आपल्याला आठवत नाही. मन थोडा वेळ बाजूला झालेले असते. बालपणी असह्य अत्याचार झाले तर मन असेच, पण फार खोलवर, त्या प्रसंगापासून तुटते आणि त्या तुकड्यांना वेगवेगळी नावे, वेगळे आवाज येतात, असे एक पक्ष मानतो. दुसरा पक्ष म्हणतो, ही नावे रुग्णाकडून वदवून घेतली जातात.

दुसऱ्या पक्षाच्या हाती मोठा पुरावा आहे 'सिबिल'चा. सोळा व्यक्तिमत्त्वांच्या एका बाईची सत्यकथा म्हणून १९७३ साली अमेरिकेत हे पुस्तक गाजले. त्याआधी असे रुग्ण अगदी विरळा. नंतर ते हजारोंनी सापडू लागले. खऱ्या सिबिलचे नाव शर्ली मेसन. तिने १९५८ सालीच आपल्या डॉक्टर कॉर्नेलिया विल्बर यांना पत्र लिहून कळवले होते की, मला अनेक व्यक्तिमत्त्वे नाहीत, ते मी खोटे सांगितले. विल्बरबाईंनी ते पत्र म्हणजे उपचार टाळण्याची धडपड मानली! गुंगीचे औषध टोचून प्रश्न विचारणे चालूच होते.

म्हणून आजार खोटाच का? तसेही नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली तो आपल्या यादीत घेतला, १९९४ साली त्याचे नाव बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे आणि अंगात येऊन त्रास होण्याची नोंद तेथे वेगळी आहे. एक मात्र कादंबरीकारांनी उलटे करून ठेवले आहे. असे रुग्ण दुसऱ्याच्या जिवावर उठण्यापेक्षा स्वतःलाच इजा करून घेण्याची भीती जास्त असते.

येथे माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी विचारले होते, "तुझ्या आत आणखी कोणी आहे का? तिचं नाव काय?" पहिल्या दिवशी ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी गप्प बसली. तिसऱ्या दिवशी तिने नाव सांगितले. मी अगदी खूश! एका ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "नाव तुम्ही मागितलंत, तिनं दिलं." ती मुलगी पुढे वर्षभर त्या नावाने बोलत होती.

म्हणून घरच्यांनी अशा वेळी "तू कोण आहेस?" असे विचारू नये. शांतपणे जवळ बसावे आणि तिच्या नेहमीच्या नावाने हाक मारावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मेंदूतील फिट्सच्या एका प्रकारातही माणूस असा वागतो, तेव्हा आधी तपासणी हवी. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ या सरकारी 'टेली मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

या मुलीला मी फक्त एवढेच विचारले, "झोप लागते का गं?" ती रडू लागली. मेंदूचा आलेख काढला, तो ठीक आला. दुसऱ्या खेपेला आमच्या सिस्टरांना सोबत ठेवून वडिलांना बाहेर बसवले, तेव्हा ती स्वतःच्याच आवाजात अर्धा तास बोलली. काय बोलली ते येथे लिहिणार नाही. तिच्या संमतीने तिला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आहे, आणि लग्नाची बोलणी तूर्त थांबवा असे मास्तरांना सांगितले आहे. ते अजून तयार झालेले नाहीत.