नेट, सेट, पेट आणि पीएच.डी.: पात्रता वेगळी, प्रवेश वेगळा, पैसे वेगळे

"ताई, नेट निघाली की पीएच.डी.ची ॲडमिशन पक्की ना?"

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर इथल्या कॉलेजांत एम.ए., एम.एस्सी. करणारी मुलं-मुली मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. उत्तर एका शब्दात आहे: नाही. नेट पास होणं, पीएच.डी.ला प्रवेश मिळणं आणि दर महिन्याला फेलोशिप मिळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे नियम वेगळे, त्या देणारी माणसं वेगळी, त्यांच्या तारखाही वेगळ्या.

हा घोळ वेळीच सुटला नाही तर वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, घराचा हप्ता चालू असताना आणि नातेवाईक "मग पुढे काय ठरलं?" असं विचारत असताना दोन वर्षं ही लहान गोष्ट नसते. म्हणून आज हा गुंता सुटा करून बघू.

त्याआधी: तुम्हाला नक्की कोणतं काम करायचंय?

"संशोधन क्षेत्रात जायचंय" म्हणजे प्रत्येकाला पीएच.डी. लागतेच असं नाही. कामागणिक लागणारी पात्रता बदलते.

ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. तिथे नेट लागत नाही. नेट काढून ठेवली आणि बी.एड. केलंच नाही, तर या नोकरीसाठी तिचा उपयोग नाही.

सीनियर कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने या पदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. ऐच्छिक केली आहे. मात्र पुढे असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर या पायऱ्या चढायच्या तर पीएच.डी. लागते. आणि एक कटू गोष्ट आधीच माहीत असू द्या: पात्रता म्हणजे जागा नव्हे. नेट-सेट झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सायंटिफिक ऑफिसर व्हायचं असेल तर त्यांचं स्वतःचं ट्रेनिंग स्कूल आहे. बी.ई., बी.टेक. किंवा ठरावीक विषयांतली एम.एस्सी. झालेल्यांची तिथे निवड होते, एक वर्षाचं प्रशिक्षण होतं आणि मग नोकरी. पीएच.डी. आधी लागत नाही. नोकरीत राहून पुढे करता येते.

आपल्या जिल्ह्यातच, अंबरनाथला, डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून फ्युएल सेलवर चालणारी जी यंत्रणा आहे, ती इथली. मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. डीआरडीओमध्ये 'सायंटिस्ट बी' या पदासाठी मुख्यतः गेटचे गुण आणि मुलाखत असा रस्ता आहे.

डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीतल्या केमिकल आणि औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलसाठी एम.एस्सी. आणि उपकरणांवर बसलेला हात पुरतो. नवीन प्रक्रिया शोधणाऱ्या टीमचं नेतृत्व करायचं असेल तर तिथे पीएच.डी.ला किंमत येते.

थोडक्यात, स्वतःचा प्रश्न घेऊन त्यावर चार-पाच वर्षं काम करायची इच्छा असेल, किंवा ज्या पदावर जायचं आहे तिथे ती लागतच असेल, तर पीएच.डी. करावी. "एम.एस्सी. झाली, आता काय" याचं उत्तर म्हणून करू नये.

हे ठरलं असेल तर पुढचं वाचा.

पहिली गोष्ट: पात्रता

यूजीसी-नेट ही कला, वाणिज्य, सामाजिक शास्त्रं अशा विषयांची परीक्षा. विज्ञानासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट असते आणि तिचे पारंपरिक विषय पाच: रसायन, भौतिक, गणिती, जीव आणि पृथ्वी विज्ञान. दोन्ही परीक्षा एनटीए घेते. फरक लक्षात ठेवा: यूजीसी-नेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, सीएसआयआरमध्ये कापतात. त्यामुळे मैत्रिणीची तयारीची पद्धत तुम्हाला चालेलच असं नाही.

सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. या दोन राज्यांत असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी ती चालते. पण सेटला फेलोशिप नाही.

नेटच्या निकालात आता तीन गट असतात. पहिला, जेआरएफ आणि असिस्टंट प्रोफेसर. दुसरा, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएच.डी. प्रवेश. तिसरा, फक्त पीएच.डी. प्रवेश. ही रचना २०२४ मध्ये आली. तिसऱ्या गटात नाव आलं तर शिकवायची पात्रता मिळत नाही, आणि पैसेही मिळत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांना तो स्कोअर पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष वापरता येतो. "नेट निघाली, आता निवांत अर्ज करू" असं म्हणून थांबणाऱ्यांचं नुकसान इथे होतं.

दुसरी गोष्ट: प्रवेश

प्रवेश देतं ते विद्यापीठ किंवा संस्था. यूजीसीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यानुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही अर्ज करता येतो. एम.फिल. आता बंद झालं आहे.

पेट म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पीएच.डी. प्रवेश परीक्षा. मुंबई विद्यापीठाचीही आहे. नियमांप्रमाणे अशा परीक्षेत निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो, आणि निवड करताना लेखीला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. नेट, सेट, गेट झालेल्यांना पेटमधून सूट आहे का, आणि कोणत्या अटींवर, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघायचं. मागच्या वर्षीच्या सीनियरवर विसंबू नका.

आता सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट: गाइडकडे जागा हवी. असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी ४, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि प्रोफेसरला ८ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. तुमचा विषय अगदी जुळतो, पण सरांच्या चारही जागा भरल्या आहेत, असं होऊ शकतं. म्हणून परीक्षेची तयारी चालू असतानाच विद्यापीठाची मान्यताप्राप्त गाइडची यादी काढा. आपल्या भागातल्या काही कॉलेजांत ठरावीक विषयांची संशोधन केंद्रं आहेत. घराजवळचा गाइड मिळाला तर रोजचा लोकलचा दीड-दोन तासांचा प्रवास वाचतो. हा हिशोब हलक्यात घेऊ नका. प्रयोग संध्याकाळी सातला संपला तर डोंबिवलीची गाडी कितीला पकडायची, हा प्रश्न पाच वर्षं रोज येणार असतो.

मोठ्या संस्थांची दारं आणखी वेगळी. कुलाब्याच्या टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. भौतिकशास्त्रात अनेक संस्था मिळून जेस्ट घेतात. पवईच्या आयआयटीत गेट किंवा नेट असलं तरी विभागाची स्वतःची लेखी परीक्षा किंवा मुलाखत होते.

प्रवेश झाला की किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. पूर्ण पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि साधारणपणे जास्तीत जास्त ६ वर्षं. नोकरी करणाऱ्यांनी हेही लिहून ठेवा: नियमांत पार्ट-टाइम पीएच.डी.ची सोय आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं.

तिसरी गोष्ट: पैसे

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,००० रुपये. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. हॉस्टेल मिळालं नसेल तर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफला वयाची अट आहे. असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला नाही.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. पण इथे क्रम उलटा आहे. आधी पीएच.डी.ची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. म्हणजे पहिले काही महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी हवी. जाहिरात दरवर्षी ठरल्या वेळी येईल असंही धरून चालू नका.

आणखी एक फसवं नाव: 'प्रोजेक्ट जेआरएफ'. एखाद्या प्राध्यापकाला प्रकल्पासाठी निधी मिळतो आणि त्यात ते दोन-तीन वर्षांसाठी एक मदतनीस संशोधक घेतात. या पदालाही जेआरएफच म्हणतात. अनुभव उत्तम मिळतो, पण ही नोकरी आहे, तिच्यात पीएच.डी.चा प्रवेश आपोआप येत नाही, आणि प्रकल्प संपला की पगारही संपतो. रुजू होण्याआधीच विचारा: "सर, यात पीएच.डी.ची नोंदणी होईल का, आणि प्रकल्पाची किती वर्षं उरली आहेत?" असं विचारणं उद्धटपणा नाही.

एक उदाहरण मांडून बघू

समजा डोंबिवलीची एक मुलगी आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्र, ५८ टक्के, वडील दोन वर्षांत रिटायर होणार. तिने फक्त "जेआरएफच काढायची" असं ठरवून तीन वेळा परीक्षा दिली आणि नाही निघाली, तर दीड वर्षानंतर हातात काहीच नाही.

तीच मुलगी दुसरा रस्ता घेऊ शकते. सीएसआयआर-नेट, सेट आणि पेट असे तिन्ही अर्ज एकाच वर्षात. अभ्यास बराचसा तोच. सोबत एमआयडीसीतल्या एखाद्या लॅबमध्ये नोकरी. जेआरएफ निघाली तर पूर्ण वेळ पीएच.डी. फक्त प्रवेशाची पात्रता मिळाली तर पार्ट-टाइमचा विचार. सेट निघाली तर शिकवायचा रस्ता उघडा. काहीच नाही निघालं तरी वर्षभराचा अनुभव आणि पगार हातात. या रस्त्यात दमछाक जास्त आहे, पण वडिलांच्या रिटायरमेंटची तारीख तिच्या डोक्यावर टांगलेली राहत नाही.

मुलाखतीत विचारतात तो खरा प्रश्न

परीक्षा पास झाल्यावर मुलाखतीत विचारलं जातं, "तुम्हाला कशावर काम करायचंय?" इथे पुष्कळ जण इंटरनेटवरचा एखादा भारदस्त विषय सांगतात आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडकतात.

प्रश्न शोधताना आधी आजूबाजूला बघा. कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ज्या परंपरेत त्या वाढल्या होत्या, तिथलाच विषय त्यांनी घेतला. त्या वर्गात तो त्यांच्याइतका जवळून कोणाला माहीत असणार?

आपल्याकडेही असे विषय पडलेले आहेत. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. तिथला गाळ, शेवाळ, मासे, पक्षी हे सगळे प्रश्नच आहेत. उल्हास नदीचं पाणी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहारकालीन शिलालेख आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं; भाषा आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तिथली जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं बघितली आहेत का?

पदवीला असाल तर आत्तापासून हात घालता येतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा उपक्रम आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने लॅबमध्ये काढले की हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, हे परीक्षेपेक्षा लवकर कळतं.

या आठवड्यात एवढंच करा. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: पात्रता, प्रवेश, पैसे. डोक्यात असलेली प्रत्येक परीक्षा आणि प्रत्येक फेलोशिप योग्य रकान्यात लिहा, समोर शेवटची तारीख आणि स्कोअर किती काळ चालतो ते लिहा. जो रकाना रिकामा राहील, त्याची जाहिरात आधी शोधा. आणि काही अडलं तर मला विचारा, पण विचारताना ते पान समोर ठेवून विचारा.