पिशवी बाजेवर ओतली की

उपकेंद्रात सीबॅक, म्हणजे आजारांच्या चाचपणीचा फॉर्म भरताना पेन पहिल्यांदा अडतं ते वयापाशी. भोकरदन-अंबडकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख असते एक जानेवारी. मग आशाताई विचारतात, “आबा, रझाकारात तुम्ही केवढे होते?” “मायच्या कडेवर.” म्हणजे १९४८ चा हिशेब, पंचाहत्तरी उलटलेली. पण आधारवर सहासष्ट असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासूनचं सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड निघत नाही. निघालं तरी ते पाच लाख भरती झाल्यावरचे. महिन्याच्या गोळ्यांना त्यातला रुपया नाही.

आणि सगळं अडतं ते गोळ्यांपाशीच. “आजी, गोळ्या दाखवा बरं,” म्हटलं की पिशवी बाजेवर रिकामी होते. एक सरकारी दवाखान्यातली, एक तालुक्याच्या डॉक्टरांची, एक लेकानं संभाजीनगरहून आणलेली. मागचं बारीक अक्षर वाचावं, तर तिन्ही अ‍ॅम्लोडिपिन. पाकिटं वेगळी, रंग वेगळे, म्हणून आजी तिन्ही नेमानं घेतात. त्या गोळीनं पाय सुजतात. मग कुणीतरी सुजेवर लघवीची गोळी देतं, ती घेऊन उठताना भोवळ येते, आणि भोवळीची आणखी एक पिशवीत पडते. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलवरून मागून घेतलेली दुखण्याची गोळी, जी बीपीही वाढवते आणि किडनीलाही जड जाते. यातल्या एकाही डॉक्टरनं दुसऱ्याची चिठ्ठी पाहिलेली नसते.

एकादशीला वेगळीच धावपळ. उपवास कडक, पण साखरेची गोळी चुकवायची नाही, असं आबांनी मनाशी पक्कं धरलेलं. दुपारी घाम, थरथर, बोलणं अडखळतं. शेजारच्यांनी तोंडात साखर घातली तर आबा चिडतात, उपवास मोडला म्हणून.

दसऱ्यानंतर लेक-सून ऊसतोडीला गेले की पिशवी नातवंडांच्या हाती येते. इयत्ता चौथीतली नात गोळ्या ओळखते ती रंगावरून. पुढच्या महिन्यात सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलते, रंगही बदलतो.

श्रीमंत देशांनाही हे सुटलेलं नाही. कॉमनवेल्थ फंडानं २०१४ मध्ये अकरा देशांतल्या वयस्कांचं सर्वेक्षण केलं. तिथंही एका डॉक्टरचं दुसऱ्याला ठाऊक नसल्याच्या तक्रारी निघाल्या. आपल्याकडे निदान उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि ई-संजीवनीवर, ऑनलाइन, डॉक्टर भेटतात. महिन्यातून एक दिवस प्रत्येक उपकेंद्रात फक्त पिशव्या ओतून बघायला ठेवावा, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही रजिस्टर सीएचओंच्या हाती देऊ नये.